मातीची एक बरणी आजच भरून ठेवा



मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने असतात. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे. चिकूला खत किती घालायचं ते त्यावरून ठरतं. सिरियम, लँथेनम अशी सतरा ‘रेअर अर्थ’ मूलद्रव्यं त्यात नाहीत. खताच्या हिशोबाला ती लागतही नाहीत. तरी माझं म्हणणं, डहाणू-तलासरीत ती एकदा मोजलीच पाहिजेत.

नाव दुर्मिळ, पण ही प्रत्येक मातीत मुळातच थोडी असतात. म्हणून उद्या कुणी ‘तुमच्या वाडीत सिरियम सापडलं’ म्हटलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही. आधी किती होतं?

कोळसा जळतो, ही मूलद्रव्यं मात्र बहुतेक राखेतच उरतात. देशी कोळशाच्या १०० किलोमागे ३०-४० किलो राख, म्हणजे राखेत त्यांचं प्रमाण दुप्पट-तिप्पट. डहाणूचं औष्णिक केंद्र १९९५ पासून चालू आहे. स्फुरदयुक्त खतातूनही ती थोडी येतात. मग वाढलं असेल तर राखेमुळे की आपल्याच खतामुळे? माझ्याकडे १९९५ च्या आधीची चिमूटभर माती नाही, त्यामुळे बोलताच येत नाही.

२०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. भराव पडणार, खाडीचा गाळ हलणार. तीच चूक परत करायची का?

तपासणी महाग आहे, आयसीपी-एमएस यंत्र लागतं. पण माती जपून ठेवायला पैसे लागत नाहीत. ही मूलद्रव्यं सुक्या मातीतून उडून जात नाहीत. वाडीत आठ-दहा जागची वरची वीतभर माती घ्या, एकत्र करा, सावलीत सुकवा, प्लास्टिकच्या चाळणीने चाळा, बरणीत भरा. तारीख, गट नंबर, खोली लिहा. इंग्लंडच्या रॉथमस्टेडला १८४३ पासूनच्या प्रयोगांची माती अशीच ठेवली आहे. पुढे तिच्यातूनच कॅडमियम किती वाढलं ते कळलं.

कृषी अधिकारी आणि विद्यापीठातल्या मित्रांना विनंती: घोलवडची वाडी, तलासरीचं भातखाचर, डहाणू खाडीचा गाळ, तिन्ही घ्या. बारीक गाळात ही जास्त असतात, वाळूत कमी. त्यामुळे चिखलाची तुलना चिखलाशीच करा. माती कोणत्या आम्लात विरघळवली तेही अहवालात लिहा, नाहीतर दोन आकडे जुळायचे नाहीत. आणि एकूण आकडा म्हणजे चिकूत उतरलेला आकडा नव्हे, तेव्हा घाबरवू नका.

माझी बरणी भरून फळीवर ठेवलीय. तुमची?