आंधळे मासे व एक जुना समज

भुयारांत व गुहांत राहणारे कित्येक प्राणी आंधळे कां, असें विचारलें असतां "वापर नाहीं म्हणून डोळे गेले," असें उत्तर बहुधा मिळतें. खुद्द डार्विननेंही १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत गुहेंतील प्राण्यांविषयीं हेंच कारण दिलें होतें. तथापि हें उत्तर शाळेंत व घरीं यापुढें पुरेसें मानूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मेक्सिको देशाच्या ईशान्य भागांतील चुनखडीच्या गुहांत एक लहान आंधळा मासा राहतो. त्याच जातीचे डोळस मासे बाहेरच्या नद्यांत आहेत. गुहेंतील माशाच्या गर्भालाही प्रथम डोळे फुटतात. परंतु त्यांतील भिंग लवकरच मरूं लागतें, वाढ खुंटते व वर कातडी चढते. २००० सालीं यामामोटो व जेफ्री या शास्त्रज्ञांनीं डोळस माशाच्या गर्भांतील भिंग काढून गुहेंतील माशाच्या गर्भांत एका बाजूस बसविलें. तों त्या बाजूचा डोळा वाढला!

याहून नवल पुढेंच आहे. निरनिराळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला असतां कांहीं पिलांना दिसूं लागलें, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. वंशपरंपरेनें येणारे जे सूक्ष्म घटक, ज्यांस जनुकें म्हणतात, त्यांपैकीं एका गुहेंत बिघडलेलीं दुसरींत शाबूत होतीं. आईची उणीव बापाकडून भरून निघाली, बापाची आईकडून.

तेव्हां वापर थांबल्यानें जनुकें बिघडत नाहींत. त्यांत बदल आपोआप होत असतात. उजेडांत दृष्टिहीन पिलाचा निभाव लागत नाहीं, अंधारांत लागतो. शिवाय डोळा पोसण्यास शक्ति फार खर्ची पडते, आणि गुहेंत अन्न थोडें.

"आमच्या घराण्यांत कोणी पाटी धरली नाहीं, मग मुलाला विद्या कोठून येणार?" असें म्हणणारे पालक आम्हांस भेटतात. माशावरून माणसाचा निवाडा करावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु न वापरलेलें कसब पुढील पिढीच्या रक्तांतून वजा होतें, हा समज दोहोंकडे सारखाच खोटा आहे. आजोबांनीं पुस्तक उघडलें नाहीं, म्हणून नातवाची बुद्धि उणी होत नाहीं. त्याला पुस्तक मिळालें पाहिजे, आणि तें देणें हें आपणां वडील मंडळींचें काम आहे.