नेतृत्व उपजत असतं, हे तत्त्वज्ञान नेमकं कोणाचं?

"नेतृत्व शिकवून येत नाही, ते उपजतच असावं लागतं." जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणीतरी हे वाक्य फेकतो आणि समोरून टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. माणसाची लायकी जन्मावरून ठरते, हे तत्त्वज्ञान कोणाचं? ते सांगणारा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो जाळला, त्यांच्याच व्यासपीठावर 'उपजत' हा शब्द इतक्या सन्मानाने कसा बसतो? ब्राह्मण्य काही जानवं घालूनच येतं असं नाही. कधीकधी ते निळा फेटा बांधूनही येतं.

यावर लगेच कोणी म्हणेल, "मग आमच्या पोरांनी कॉलेजातले लीडरशिपचे कोर्स करायचे का?" नाही, तेही मी म्हणत नाही. आज महाविद्यालयांतून 'नेतृत्वगुण विकास' नावाखाली जे चालतं ते मी जवळून पाहिलं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात एक व्याख्यान ठरलेलं असतं. टाय लावलेला वक्ता येतो, गरुड आणि कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट सांगतो, "तुमच्या यशाला अडवणारे फक्त तुम्हीच" असं म्हणतो आणि सर्वांना डोळे मिटून मोठं स्वप्न बघायला लावतो. ज्या मुलाची शिष्यवृत्ती आठ महिने अडकली आहे, त्यालाही तो हेच सांगतो. या शिकवणीत जात नाही, सत्ता नाही, फी नाही, वसतिगृहाचं गळकं छत नाही. फक्त 'तू' आहेस आणि तुझी 'पॉझिटिव्ह थिंकिंग' आहे. अशा कोर्समधून कंपनीला आज्ञाधारक सुपरवायझर मिळतील, समाजाला काही मिळणार नाही.

म्हणजे एका बाजूला आपले 'उपजत'वाले आणि दुसऱ्या बाजूला हे गरुडवाले. दोघांच्या मधून बाबासाहेबांनी एक वाट काढून दिली होती, आणि तिचं नावही आज आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत नाही. जुलै १९५६ मध्ये, प्रकृती पार ढासळलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी मोजकेच होते. पाच महिन्यांत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि पुढच्या काही महिन्यांत शाळाही बंद पडली. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात त्यात फुटीला सुरुवात झाली. शाळा बंद पडली म्हणूनच पक्ष फुटला, इतकं सोपं गणित मी मांडत नाही. फुटीला जमिनीच्या प्रश्नावरचे मतभेद होते, व्यक्तींचे अहंकार होते, काँग्रेसचं आमिष होतं. पण पुतळे उभारायला, कमानी बांधायला आपण पैसा गोळा केला आणि बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षात उघडलेली ती शाळा पुन्हा उघडायचं कोणाच्या फारसं मनात आलं नाही, हे तर खरं ना?

नेता कोणाला म्हणायचं, याची चर्चाही बाबासाहेबांनी केलेली आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी 'थोर माणूस' या कल्पनेची चिरफाड केली. नुसती बुद्धी असून भागत नाही, नुसता प्रामाणिकपणा असूनही भागत नाही, त्यांना समाजाच्या हेतूची जोड लागते, असा त्याचा आशय आहे. त्याच व्याख्यानात त्यांनी व्यक्तिपूजेवर कोरडे ओढले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. आपण तो इशारा फ्लेक्सवर छापला आणि त्याच फ्लेक्सवर खाली चाळीस भाऊ-दादांचे फोटो लावले!

आता मुद्द्यावर येतो. कॉलेजातल्या मुलामुलीने नेतृत्वाचा अभ्यास केला तर हाती काय लागतं? मी महाडचंच उदाहरण घेतो, कारण ते सर्वांना माहीत आहे असं सर्वांना वाटतं. "बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं" या एका ओळीत आपण महाड संपवतो. अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळालेला होता, प्रत्यक्षात एक ओंजळ पाणी मिळत नव्हतं. १९ आणि २० मार्च १९२७ची परिषद या फटीत उभी राहिली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी सोबत घेतले गेले. परिषदेला लागणारं पाणी विकत घ्यावं लागलं, म्हणजे ते किती लागेल याचा हिशेब कोणीतरी बसून केला होता. तळ्यावरून परतल्यावर हल्ला झाला तेव्हा चिडलेल्या हजारो माणसांना आवरलं गेलं.

आणि डिसेंबर? तो भाग तर मी आमच्या अभ्यास वर्गात दोन-दोन दिवस घेतो. सनातन्यांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेच्या मांडवाला कोणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली. अशा वेळी भाषण ठोकून लोकांना तळ्यावर नेणं सोपं होतं. बाबासाहेबांनी प्रश्न परिषदेपुढे ठेवला, बाजूने आणि विरोधात बोलू दिलं आणि अखेर सत्याग्रह तहकूब करून तळ्याभोवती मिरवणूक काढली. मग दावा लढवला, तो उच्च न्यायालयात जिंकायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं! आज आपला एखादा नेता मागे सरला तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तो 'विकला गेला' ठरतो. कधी पुढे जायचं, कधी थांबायचं आणि थांबायचं कारण स्वतःच्या माणसांना तोंडावर कसं सांगायचं, हे अभ्यासानेच कळतं. ते रक्तात येत नाही.

हा अभ्यास आजच्या कामाला कसा लागतो? गेल्या काही वर्षांत मी वसतिगृहातल्या मुलांबरोबर शिष्यवृत्तीचं काम करतो. एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मुलांचे महाडीबीटीवरचे अर्ज अडकले होते. मुलं पेटलेली, "सर, समाजकल्याणवर मोर्चा काढू." बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मागे बसली होती. तिने विचारलं, "अर्ज समाजकल्याणकडे गेलेत का कॉलेजच्याच लॉगिनला पडलेत?" तपासलं तर कॉलेजच्या क्लार्कने पुढे पाठवलेच नव्हते. मोर्चा चुकीच्या दारावर गेला असता. तिने निवेदन लिहिलं, आवक क्रमांकासह पोच घेतली, यूजीसीच्या २०१२च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष कुठे आहे हेही लेखी विचारलं. पंधरा दिवसांत अर्ज पुढे सरकले. तिचा फोटो कुठल्याही बॅनरवर नाही. माझ्या दृष्टीने त्या खोलीतला नेता तीच होती.

मोर्चे नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर ठाण मांडून बसले म्हणूनच सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली. पण मैदानात टिकून बसायलाही नियम पाठ लागतात, पाळ्या लावाव्या लागतात, पैशाचा हिशेब ठेवावा लागतो.

हे सगळं शिकायची जागा खरं तर विद्यार्थी संसद. पण महाराष्ट्रात ती जागाच काढून घेतली गेली. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणांच्या यादीवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण ती कागदावरच राहिली. प्रस्थापितांच्या पोरांचं यात काही बिघडत नाही. त्यांची शाळा घरीच असते: साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था. बापाच्या शेजारी बसून ती पोरं बैठक चालवायला शिकतात आणि पुढे लोक म्हणतात, बघा, नेतृत्व उपजत आहे! आपल्या पोरांना ही बैठक कुठे दिसणार?

ती आपल्याच विहारात आणि वसतिगृहात दिसली पाहिजे. भिक्खू संघात बसण्याचे, ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, शलाकेने मत मोजण्याचे नियम होते, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं. तथागतांनी आपल्या मागे कोणाला वारस नेमलं नाही, धम्मालाच शास्ता मानायला सांगितलं. आपल्या संघटनांत मात्र अध्यक्ष तहहयात आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा. मुलींबद्दल तर बोलायलाच नको. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेचं अध्यक्षपद सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषवलं. शांताबाई दाणी यांनी नाशिक जिल्ह्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं काम उभं केलं. ऐंशी वर्षांनंतर आपल्या कार्यक्रमात मुलींकडे काय असतं? रांगोळी, स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन.

"एमपीएससीचा अभ्यास करू की हे करू?" असं विचारणाऱ्या मित्रांना मी समजू शकतो. पोट आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत. पण उद्या तहसीलदार झाल्यावर अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये दबाव आला की कोणती कलमं आठवणार आणि कोणाला सोबत घेणार, याची तालीम कोणत्या क्लासमध्ये होते? बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्या लोकांबद्दल व्यक्त केलेली वेदना आपण प्रत्येक नोकरदाराच्या डोक्यात हाणतो. त्या नोकरदाराला कॉलेजच्या वयात आपण काय शिकवलं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

तेव्हा येत्या जयंतीपुरती एक मागणी. समितीची बैठक इतिवृत्त लिहून घ्या, अध्यक्ष दरवर्षी बदला. डीजेवर किती गेले, अभ्यासिकेवर किती गेले, हा हिशेब १५ एप्रिलला विहाराच्या भिंतीवर लावा. आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवायला, प्रश्नांना उत्तरं द्यायला, वस्तीतल्या एखाद्या एफ. वाय.च्या मुलीला उभं करा. भाऊ-दादांनी त्या दिवशी खाली सतरंजीवर बसावं.