‘आई, ड्रायव्हरच सापडत नाहीये!’

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र आहे. कॉलेज संपवून महाराष्ट्रातली कितीतरी मुलं इथे येतात आणि घरच्यांचे रोजचे फोन सुरू होतात. समजा, तुमची लेक रात्री फोनवर वैतागून म्हणाली, “आई, सकाळपासून ड्रायव्हरच सापडत नाहीये!” तर तिला रिक्षा स्टँडवर जायला सांगू नका. जावा शिकणाऱ्यांच्या स्क्रीनवर ‘नो सूटेबल ड्रायव्हर फाउंड’ असा संदेश येतो. ती त्याबद्दल बोलतेय.

हा ड्रायव्हर गाडी चालवत नाही, तो दुभाषाचं काम करतो. देवराज मार्केटमध्ये तुम्हाला कन्नड येत नाही आणि फुलवालीला मराठी येत नाही. दोन्ही भाषा येणारं कुणी मध्ये उभं राहिलं की मल्लिगेचा गजरा तुमच्या हातात येतो. तसंच इथे. तुमचं ॲप एक प्रोग्राम आणि माहिती सांभाळणारा डेटाबेस हा दुसराच प्रोग्राम. मायएसक्यूएल, ओरॅकल, पोस्टग्रेस, प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहावा लागे. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं, 1997 मध्ये जावासाठी जेडीबीसी आलं. तेव्हापासून ॲप एकाच पद्धतीने बोलतं आणि ज्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर पुढचं बघतो. त्याला फक्त पत्ता, पोर्ट (मायएसक्यूएलचा सहसा 3306), डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड सांगायचा.

जुन्या नोट्स वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. त्यांत ‘जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज’ असतो, म्हणजे दुभाषाला आणखी एक दुभाषा. 2014 च्या जावा 8 मधून तो काढून टाकला. नव्या जावावर तो कोड चालणारच नाही, कितीही वेळा तपासा. डेटाबेस बनवणाऱ्यांचाच ड्रायव्हर डाउनलोड करून प्रोजेक्टला जोडायचा, बस्स.

पण ड्रायव्हर सापडला नाही तर निदान ओरडा तरी होतो. खरा घोटाळा गुपचूप होतो आणि तो आपल्या मराठी नावांचा होतो. फॉर्ममध्ये नाव नीट भरलं आणि छापून आलं ते ‘?????’, हे तुम्ही पाहिलं असेलच. संगणकात प्रत्येक अक्षर आकड्यांनी साठवलं जातं. ‘मैसूर’ रोमन लिपीत लिहिलं तर सहा अक्षरांचे सहा बाइट होतात. तेच युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीने ‘म्हैसूर’ लिहिलं तर 21, कारण हलन्त, मात्रा, उकार धरून सात चिन्हं आणि प्रत्येकाला तीन बाइट. आता ड्रायव्हरला ‘लॅटिन-1’ने बोल असं सांगितलेलं असेल, तर त्या यादीत ‘म’ नाहीच. मग तो ‘म’च्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जातो. डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हच साठतं. नंतर कितीही हुशार माणूस बसवा, त्या पाच प्रश्नचिन्हांमागे कोण होतं हे डेटाबेस सांगू शकत नाही. कागदी फॉर्म जपून ठेवले असतील तर वाचलात.

उलट, नावाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा मूळ बाइट शाबूत असतात, फक्त वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. मात्र कुणी ती ‘सुधारून’ पुन्हा सेव्ह करण्याआधी त्याला थांबवा आणि आधी बॅकअप घ्यायला लावा.

आणखी एक गंमत, खरं तर डोकेदुखी. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ8’ नावाची जी जुनी सेटिंग आहे ती तीन बाइटांपर्यंतच जाते. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कुणीतरी शुभेच्छांसोबत फुलाचा इमोजी पाठवतं आणि गाडी अडते, कारण इमोजीला चार बाइट लागतात. आपल्या मोडी लिपीलाही चारच लागतात! ती 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली. यासाठी ‘यूटीएफ8एमबी4’ ही सेटिंग हवी. मायएसक्यूएल 8 पासून ती आपोआप असते, पण जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या शाळा-सोसायट्यांच्या यादीत मुद्दाम बघावं लागतं.

घरात कुणी असं ॲप बनवत असेल तर हजार नावं भरण्याआधी एकच नाव भरायला सांगा. आजीचं पूर्ण नाव, पुढे एक इमोजी. सेव्ह करा, ॲप बंद करा, पुन्हा उघडा आणि आजीलाच वाचायला द्या.