पाचगणीचा फारुख आणि आमचा बँजोवाला

गेल्या महिन्यात एआरटी केंद्रात एक पोरगा गोळ्या न्यायला आला होता. वय एकवीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आई-वडील दोघेही तो शाळेत जाण्याआधीच गेले. आजीचे बोट धरून पहिल्यांदा आला तेव्हा टेबलापलीकडून त्याचे फक्त केस दिसायचे. आता तो एका बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. तुळशीचे लग्न लागले की त्याच्या सुपाऱ्या सुरू होतात.

त्या दिवशी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर पांढरी बनियन घातलेला एक मिशीवाला गायक हजारो लोकांना नाचवत होता. ‘‘सर, हा आपल्या महाराष्ट्रात शिकलेला होता म्हणे. अन् याला बी तेच होतं, जे मला आहे. खरंय का?’’

खरे आहे. फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. घराणे पारशी, मूळचे गुजरातमधल्या बलसाडचे. आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तिथे तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. पुढे झांझिबारमध्ये क्रांती झाली, कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० मध्ये ‘क्वीन’ उभी राहिली. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. पोराच्या मोबाइलवर दिसत होता तो १३ जुलै १९८५ चा ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा.

पाचगणीचा आणखी एक धागा मला नेहमी आठवतो. त्याच गावात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. पुढे एचआयव्हीची साथ आली तेव्हा तिथे या रुग्णांवरही उपचार होऊ लागले. फारुख शिकला त्याच डोंगरावर.

आम्ही वैद्यकीयला असताना वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवण उशिरा आले की पोरे टेबलावर ‘वी विल रॉक यू’चा ठेका धरायची, दोनदा धप्प आणि एक टाळी. तो गाणारा पाचगणीचा, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे निवेदन दिले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. एड्समुळे झालेला न्यूमोनिया हे कारण. निदान १९८७ सालचे. म्हणजे चार वर्षे त्याने ते मोजक्या माणसांपुरते ठेवले. (सिनेमात ‘लाइव्ह एड’च्या आधीच तो सोबत्यांना आजार सांगतो, ते खरे नाही. त्या पोरालाही मी हे सांगितले, तेव्हा तो जरा हिरमुसला.) १९९१ च्या मे महिन्यात त्याने शेवटचे चित्रीकरण केले. चित्रफीत कृष्णधवल ठेवली आणि चेहऱ्याला जाड रंग लावला, खंगलेपण दिसू नये म्हणून.

त्याने लपवले म्हणून त्याच्यावर टीका झाली, अजूनही होते. मला ती पटत नाही. १९८७ मध्ये एझेडटी हे एकच औषध हाताशी होते आणि विषाणू काही महिन्यांत त्याला दाद देईनासा व्हायचा. सांगून त्याला मिळाले काय असते? दारात छायाचित्रकार तेवढे आणखी वाढले असते.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती त्याच महिन्यातली आहे. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले. सतरा दिवसांनी फ्रेडी गेला. जॉन्सन तीन दशकांहून अधिक काळानंतरही हिंडतो-फिरतो आहे. जॉन्सनचा संसर्ग प्रतिकारशक्ती ढासळण्याआधी, एका नेहमीच्या तपासणीत सापडला होता. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र द्यायची पद्धत आली, तोवर तो तग धरून होता. फ्रेडीला ती पाच वर्षे मिळाली नाहीत.

आपल्या देशात पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. मधली अठरा वर्षे आम्ही डॉक्टरांनी काय केले, ते सांगायला फारसे बरे वाटत नाही. निवासी डॉक्टर असताना अशा रुग्णाची नाडी मी दोन हातमोजे चढवून पाहिली आहे. नाडी! विषाणू त्वचेतून येत नाही, हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेला मी. त्या माणसाने माझ्या हातांकडे पाहिले आणि काही बोलला नाही.

आज चित्र इतके वेगळे आहे की नवे डॉक्टर माझ्या गोष्टी ऐकून हसतात. २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार. पूर्वीसारखे सीडी-४ पेशी घटण्याची वाट पाहणे नाही. बहुतेकांना रोज एक गोळी, तिच्यात तीन औषधे. नीट घेतली तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू चाचणीत मोजता येण्याच्या खाली जातो आणि तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग, जो उपचारांविना शंभरात पंधरा ते पंचेचाळीस बाळांना व्हायचा, तो पाचाच्या खाली आणता येतो. आमच्या बँजोवाल्याच्या आईला हे मिळाले असते तर तो माझ्या केंद्रात आलाच नसता.

२०२५ मध्ये आणखी दोन बातम्या आल्या. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि आफ्रिकेत कित्येक ठिकाणी उपचार केंद्रे बंद पडली. आपल्या कार्यक्रमाचा मोठा भार केंद्र सरकारच उचलते, म्हणून आपल्याकडे गोळ्या थांबल्या नाहीत. दुसरी बातमी लेनाकापाविर या इंजेक्शनची. लागण झालेली नाही, पण होण्याचा धोका आहे, अशांना वर्षातून दोनदा द्यायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याचा वर्षाचा खर्च २८ हजार डॉलर, आपल्याच डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या २०२७ पासून गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ते सुमारे ४० डॉलरला, म्हणजे साडेतीन हजार रुपयांत देणार आहेत.

एवढे असून जालन्यात माणसे का मरतात? आमच्याकडे येणारे उशिरा येतात, हे एक. महिनाभर ताप, खोकला, वजन उतरलेले. तपासले तर क्षयरोग, आणि त्याच्या मागे एचआयव्ही. दुसरे कारण ऊसतोड. दिवाळी झाली की मंठा, अंबड, घनसावंगीकडून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम गोळ्यांच्या तारखेसाठी थांबत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, कारखान्याजवळच्या केंद्रात नाव वळवताही येते. पण त्यासाठी जाण्याआधी येऊन सांगावे लागते. आणि खोपीत गोळी खायची तर शेजारची कोयत्याची जोडी विचारते, ‘‘कशाची गं गोळी?’’ मग कुणी ती ‘ताकदीची’ म्हणते, कुणी खातच नाही. गोळी अधूनमधून चुकली की विषाणू औषधाला सरावतो. मग दुसऱ्या फळीची औषधे लागतात, तीही संपतात.

डबीवरचे लेबल खरवडून काढतात, वाजू नये म्हणून आत कापूस कोंबतात. हे मी शेकडो वेळा पाहिले. फ्रेडीच्या चेहऱ्यावरचा तो रंग आणि हा कापूस, दोन्ही एकाच भीतीचे. फरक एवढाच की त्याच्याकडे औषध नव्हते, आणि आमच्याकडे असून लाजेपायी ते पोटात जात नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा नोकरी वा उपचार नाकारायला आणि संमतीविना आजार उघड करायला मनाई करतो, पण बँजो पार्टीला कायदा कोण दाखवणार?

‘‘पार्टीला माहीत आहे का?’’ मी विचारले.

‘‘नाही सर. कळलं तर कीबोर्ड गेला.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘पर हा गेला तवा समद्यांनी ह्याची गाणी बंद नाही केली ना?’’

नाही केली. उलट, त्याचे जुने गाणे त्याच डिसेंबरात पुन्हा काढले आणि त्याचे पैसे एड्सच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थेला दिले. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीवरच त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. इंग्लंडात कित्येक घरांत या आजाराचे नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले गेले ते तेव्हा. एखादा गायक जे करून जातो, ते आमच्या दहा पोस्टरांनी होत नाही, हे मी मान्य करतो. पण त्याकरिता कुणी मरावे, हे मला मान्य नाही.

त्याच्यासोबत आलेली आजी आतापर्यंत गप्प होती. ‘‘साहेब, पोराचं लगीन व्हईल ना?’’

होईल, म्हणालो. आधी मुलीला खरे सांगायचे, तिची तपासणी करायची, दोघांनी मिळून समुपदेशकाकडे बसायचे. त्याच्या रक्तातला विषाणू तीन वर्षे मोजणीच्या खाली आहे. मूलबाळही निरोगी होऊ शकते. आजीने मान हलवली, पण पटले की नाही ते कळले नाही. खरे सांगितल्यावर मुलगी कोण देणार, हे तिच्या मनात असावे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

ज्यांना तपासणी करायची आहे त्यांनी कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात जावे. तपासणी मोफत आणि गोपनीय आहे. शंका असेल तर १०९७ हा क्रमांक फिरवावा. ऊसतोडीला निघालेल्यांनी, किंवा मागे राहिलेल्या त्यांच्या घरच्यांनी, कारखान्याचे गाव केंद्रात फोन करून सांगितले तरी पुढची व्यवस्था होते.

पोराने तीन महिन्यांच्या डब्या घेतल्या. संध्याकाळी परतूरकडे सुपारी होती. कापसाचा बोळा त्याने स्वतःच आणला होता.