वायफायचा डबा गावाला उघडता आला पाहिजे



नांदेड-लातूरकडच्या गावांत फिरताना एक चित्र वारंवार दिसते. पंचायतीच्या भिंतीवर वायफायचा डबा लावलेला, दिवाही लुकलुकतोय, पण मोबाइलला इंटरनेट नाही. विचारावे तर उत्तर ठरलेले, "तालुक्याहून माणूस येणार हाय." ई-पीक पाहणीची मुदत मात्र त्या माणसासाठी थांबत नाही.

केंद्राने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच आजची भारतनेट. फायबर पंचायतीच्या दारापर्यंत येते. तिथून पारापर्यंत, शाळेपर्यंत इंटरनेट पोचवायचे काम या डब्याचे. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने २५ गावांत बिनतारी जोडणी करून दाखवली आणि २०१७ साली त्याला मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. म्हणजे खेड्यात हे चालत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता मुद्द्याचे. हा डबा लॅपटॉपला वायरने जोडून, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून लावता येतो. याला कमांड लाइन म्हणतात. बिचकू नका, हुकूम मोजून सात-आठ. वायफायचे नाव, किमान आठ अक्षरांचा पासवर्ड, डब्ल्यूपीए-२ सुरक्षा आणि चॅनल. शेजारी दुसरा डबा असेल तर चॅनल १, ६ आणि ११ यांतले निरनिराळे घ्या. एकाच पाटावर दोघांनी बारे धरले तर दोघांचेही पीक वाळते. माळवदाच्या जाड भिंती असतील तिथे २.४ गिगाहर्ट्झच ठेवा, ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर दमते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवटच्या हुकमावर. केलेला बदल साठवला नाही तर अनेक डब्यांत तो तात्पुरत्या स्मृतीतच राहतो. लाइट गेली की बदलही गेला! आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगावे लागत नाही. फेरफाराचा अर्ज दिला म्हणून सातबारा बदलत नाही, नोंद प्रमाणित व्हावी लागते, तसेच हे. ओपन-डब्ल्यूआरटी प्रणालीत या साठवणीच्या हुकमाला 'यूसीआय कमिट' म्हणतात, दुसऱ्या बनावटीत वेगळे नाव असेल.

पडद्यावर बोट दाखवून शिकवलेले माणसाबरोबर जाते. हुकूम कागदावर राहतात. म्हणून गावातली बारावी झालेली दोन पोरे-पोरी निवडा, त्यांच्याकडून हे हुकूम एका कागदावर उतरवून घ्या आणि तो पंचायतीच्या दप्तरात लावा. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात ठेवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झाली की पदभाराच्या यादीत कागद आणि पाकीट दोन्ही आले पाहिजेत. डब्यासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, तो त्या बनावटीच्या कोणालाही ठाऊक असतो.

एवढे मात्र पाळा, हे सारे पंचायतीने स्वतः घेतलेल्या डब्यापुरतेच. फायबर ज्या यंत्रात उतरते ते सरकारी यंत्रणेचे, त्याला हात लावू नका.