जेवणावळीला साठ हजार, कागदाला शून्य

घर बांधायचे ठरले की आमच्या समाजातला माणूस आधी गवंडी शोधतो. वकील शोधतो तो नोटीस आल्यावर. वसई-विरार परिसरात वकिली आणि चळवळ दोन्ही करताना हा क्रम आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याबद्दल जाहीरपणे लिहिणे भाग आहे.

चांदीप परिसरात घर बांधू पाहणारे एक जोडपे अलीकडे आमच्याकडे आले. जयभीम झाला, चहा झाला आणि वहिनींनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. नवरा कारखान्यात, वहिनी शिवणकाम करतात. दोघांचे मिळून महिना २८ हजार. वहीत हिशेब नीट मांडलेला होता. एक गुंठा जागा ५ लाख, पैकी २ लाख देऊन झालेले. ५०० चौरस फुटांचे घर, गवंड्याने सांगितलेला दर फुटाला १,८००, म्हणजे ९ लाख. खिडक्या, रंग, पंखे. शेवटच्या पानावर ‘गृहप्रवेश, बुद्धवंदना व भोजन : ६० हजार’. आम्ही विचारले, जागेचा शोध अहवाल, मोजणी, नकाशा, परवानगी यांचे पान कुठे आहे? दोघे एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी म्हणाल्या, “साहेब, दलालाने शेजारच्या घराचं लाइटबिल दाखवलं ना.”

वास्तुशांती आम्ही सोडली, हे चांगले झाले. तिचे बजेट मात्र घरातून गेलेले नाही.

लाइटबिलावर विसंबून माणसे कशी बुडतात, हे याच वसई तालुक्याने नुकतेच पाहिले. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडण्यास सुरुवात झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांच्याकडे वीज होती, आधारकार्डावर तोच पत्ता होता, मतदार यादीत नाव होते. जमिनीचा हक्क तेवढा नव्हता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला विजयनगरमधली अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसे मेली. त्या इमारतीचे नाव होते रमाबाई अपार्टमेंट. हे नाव बातमीत वाचताना आमच्या किती घरांत घास अडला असेल!

बांधणारा बांधतो, विकतो आणि निघून जातो. परवानगी नसताना पाच मजले चढेपर्यंत यंत्रणेला ते दिसत नाही, न्यायालयाचा आदेश आल्यावर मात्र दिसते. या दोषींना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्या शिक्षेने बेघराच्या डोक्यावर छप्पर येत नाही, आणि आजचा आमचा प्रश्न छपराचा आहे.

अनेक कार्यकर्ते आम्हाला सांगतात, “आता सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर थांबवला आहे.” तो निकाल आम्हीही वाचला आहे. १३ नोव्हेंबर २०२४ चा तो निर्णय पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक करतो. आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही, असे बजावतो. फार मोलाचा निकाल आहे. पण रस्ता, पदपथ, नदी-नाले अशा जागेवरचे अनधिकृत बांधकाम आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेले बांधकाम यांना त्याचे संरक्षण नाही, हेही त्यातच लिहिले आहे. आणि १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की वीज-पाण्याची जोडणी पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पाहिल्यावरच द्यावी, आणि बँकांनीही तो दाखला तपासूनच इमारत तारण घ्यावी. म्हणजे लाइटबिल हा पुरावा कालही नव्हता, उद्या तर ते बिल मिळणेही कठीण होणार आहे.

आता चांदीपच्या वहीकडे येऊ. २ लाख दिले ते नोटरीच्या कागदावर. नोटरी सहीची साक्ष देतो. जमीन तुमच्या नावावर करत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते. १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो आम्ही त्यांच्यासमोरच काढायला सांगितला. वसईच्या पूर्व पट्ट्यात सातबारा पाहताना मालकाच्या नावाखाली थांबायचे नसते, इतर हक्कांचा रकाना वाचायचा असतो. तिथे कलम ३६ अ चा शेरा असेल तर ती आदिवासी खातेदाराची जमीन आहे. ६ जुलै १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. वनाचा शेरा असेल तर दुसरे संकट. तुंगारेश्वर अभयारण्य याच तालुक्यात आहे. भोगवटादार वर्ग २ असेल तर शर्तभंग होतो का, हे पाहावे लागते.

इथे आमच्याच लोकांना कटू वाटेल असे बोलतो. आदिवासीची जमीन स्वस्त मिळते, कारण ती कायद्याने विकता येत नाही. वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधवाच्या गरजेचा फायदा दलाल घेतो, आणि त्या दलालाकडून आम्ही घेतो. महार वतनाच्या जमिनी कवडीमोलाने लाटल्या गेल्या म्हणून आम्ही मोर्चे काढतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा व्यवहार उघड झाला तेव्हा आमचा संताप रास्तच होता. मग तोच न्याय आदिवासीच्या गुंठ्याला का नको? गुंठेवारीच्या जुन्या व्यवहारांना दिलासा देण्याचे पाऊल सरकारने २०२५ मध्ये उचलले, हे खरे. पण तो तुकडेबंदीचा विषय आहे. ३६ अ चा दोष त्याने धुऊन निघत नाही.

दुसरा प्रश्न परवानगी कोण देणार, याचा. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. लगेच २९ गावांचा वाद सुरू झाला. २०११ मध्ये ती वगळण्याचा निर्णय, मग न्यायालय, आणि २०२४ मध्ये ती महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय. राजकारण्यांनी या वादावर निवडणुका लढवल्या. घर बांधणारा मात्र ग्रामपंचायतीची जुनी पावती घेऊन फिरत राहिला. आपली जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे, विकास आराखड्यात तिचा झोन कोणता, त्यावरून रस्ता किंवा आरक्षण जाते का, याचा लेखी दाखला हातात आल्याशिवाय पायाची कुदळ मारू नये. नव्या महामार्गांसाठी या तालुक्यात भूसंपादन झाले आहे, दलाल ते सांगत नाही.

हद्दीचा संबंध घरकुलाच्या पैशाशीही आहे. २००८ मध्ये सुरू झालेली रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. घर २६९ चौरस फुटांचे. अनेक वर्षे ग्रामीण भागातली रक्कम १ लाख ३२ हजार होती, आणि शहरी भागात अडीच लाख, त्यात महापालिका क्षेत्रात लाभार्थ्याचा १० टक्के वाटा. भागाकार करून पाहा. ग्रामीण भागात फुटाला ४९१ रुपये, शहरात ९२९. प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. तेवढी भर रमाईच्या ग्रामीण रकमेत धरली तरी आकडा ६७७ वर थांबतो. आणि चांदीपचा गवंडी मागतो १,८००.

सरकार स्वतःचे विश्रामगृह बांधते तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची लावते. सिमेंट महागले की अंदाजपत्रक सुधारते. रमाईच्या घराला ती दरसूची का लागू नाही? २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला म्हणून जाहिराती झाल्या. टॉवर बांधणारा १८ टक्के भरतो, रमाईचा लाभार्थीही १८ टक्केच भरतो. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत आहे, ती मात्र अर्ज करून मागून घ्यावी. मागितल्याशिवाय कोणी दारात आणून टाकत नाही.

उरलेली तूट माणूस कर्जाने भरतो. स्वच्छ कागद असलेल्याला बँक १० लाख रुपये ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी देते तेव्हा हप्ता सुमारे ९ हजार पडतो. नोटरीचा कागद पाहून बँक दार लावते. मग बचतगटाच्या नावावर, खाजगी कंपनीकडून २४ टक्क्यांनी ३ लाख उचलले तर तीन वर्षांचा हप्ता ११ हजार ७७० होतो. एक तृतीयांशाहून कमी रक्कम आणि हप्ता जास्त! शोध अहवालाचे आणि नोंदणीचे पैसे ‘वाचवणारा’ माणूस ते पैसे असे फेडतो. म्हणून आम्ही म्हणतो, कागदाचा खर्च हा बांधकामाचाच खर्च आहे आणि वहीत तो जागेच्याही आधी लिहिला पाहिजे.

बाबासाहेबांनी घर कसे बांधले, हे या निमित्ताने आठवावे. १९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले, कर्ज काढले. एकावर कुटुंबासाठी आणि ग्रंथांसाठी राजगृह, दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी चार मिनार. १९४१ मध्ये ग्रंथांचा खर्च आणि देणी भागवण्यासाठी चार मिनार विकली, राजगृह राखले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा माणूस होता. घर बांधताना उत्पन्नाचे साधनही त्याच नियोजनात ठेवत होता आणि अडचणीत काय विकायचे, काय नाही, हे त्याला ठाऊक होते. आम्ही राजगृहाचे फोटो दिवाणखान्यात लावतो. त्या घरामागचा हिशेब फारसा कोणी वाचत नाही.

वहिनींच्या वहीत आम्ही काही दुरुस्त्या केल्या. पाया आणि खांब पूर्ण ५०० फुटांचे, भिंती सध्या ३०० फुटांच्या; बाकीच्या खोल्या जमेल तेव्हा. खांब अभियंत्याच्या नकाशाप्रमाणेच, कारण २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत आलेले आहेत, आणि जिल्हा आपलाच आहे. गवंड्यांच्या ढोबळ हिशेबाने फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. तो हिशेब डोक्यात असला की ठेकेदाराच्या बिलावर प्रश्न विचारता येतो. शौचटाकी, पाणी, मीटर आणि बांधकाम चालू असेपर्यंतचे भाडे हे चार आकडे वहीत नव्हतेच. त्यावर दहा टक्के राखीव. पाया पावसाआधी जोत्यापर्यंत आला पाहिजे, नाहीतर पालघरचा पाऊस सगळा चर भरून टाकतो. खरेदीखतावर दोघांची नावे. भोजनाचे ६० हजार आम्ही खोडले; वंदना होईल, खीर होईल. दादांचा चेहरा पडला. वहिनी हसल्या.

सातबारा निघाला तेव्हा इतर हक्कात शेरा होता. आम्ही फेरफार उतारे मागवले आहेत. दिलेले २ लाख परत मागण्याची नोटीस तयार आहे, आणि दलाल फोन उचलत नाही.