दुसराही उघडा

पुणे-बंगळूर हायवेवर निपाणीजवळ ट्रकचा टर्बो गेला, तर मिस्त्रीला सहसा एकच उघडावा लागतो. निस्सान जीटी-आरसारख्या स्पोर्ट्स कारला दोन असतात. मग एक गेला की तेवढाच बदलायचा? माझं मत : नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. तेलाची नळी काजळीनं तुंबली की बुश खलास. दोन्ही टर्बो एकाच इंजिनाचं तेल पितात, म्हणून दुसऱ्याचाही शाफ्ट हलवून बघा. नळी साफ न करता नवं कार्ट्रिज बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाला परत बोलावणं. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बसलेले हात भरपूर आहेत. पंख्याचं बॅलन्सिंग मात्र त्यासाठीच्या मशीनवरच हवं. तिथं 'चालतंय की' चालत नाही.